दुबईत घर: किंमत दिरहमात, खर्च रुपयांत

पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत शनिवार-रविवारी दुबईतल्या घरांची प्रदर्शने भरतात. काचेच्या पेटीत इमारतीची प्रतिकृती, हातात गुळगुळीत माहितीपत्रक आणि समोर अस्खलित मराठी बोलणारा विक्री प्रतिनिधी. माझा मावसभाऊ मार्च २०२४ मध्ये अशाच एका प्रदर्शनातून घर पसंत करून आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने ९० लाख रुपये तिकडे पाठवले, आणि बँकेने त्याच दिवशी त्याच्या खात्यातून आणखी १६ लाख ६० हजार रुपये वळते करून घेतले. ते पैसे कुठे गेले हे समजायला त्याला दोन दिवस लागले आणि ते परत मिळायला जवळपास दीड वर्ष. त्या दीड वर्षात मुलीच्या फीसाठी त्याला मुदत ठेव मोडावी लागली.

त्याची फसवणूक झाली नव्हती. सगळे नियमानुसारच झाले होते, फक्त ते नियम त्याला आधी कोणी सांगितले नव्हते. विकणारा माणूस दुबईतल्या खर्चाची यादी देतो आणि ती बहुधा खरीही असते. भारतातून पैसा बाहेर काढण्याचा, तो बाहेर असतानाचा आणि परत आणतानाचा खर्च मात्र तो सांगत नाही, कारण ते त्याचे काम नाही. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या यादीसाठी आहे.

एक उदाहरण धरू. साधारण ७५० चौरस फुटांचा, एका बेडरूमचा, बांधून तयार असलेला फ्लॅट. किंमत १२ लाख दिरहम. हिशेबाच्या सोयीसाठी १ दिरहम म्हणजे २५ रुपये मानू, म्हणजे किंमत ३ कोटी रुपये झाली. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे डॉलर चढला की आपल्यासाठी दिरहमही चढतो.

तिथे काय भरावे लागते

परदेशी माणसाला दुबईत सगळीकडे मालकी हक्काने घर घेता येत नाही. २००६ च्या कायद्यानुसार ठरवून दिलेल्या भागांतच ते घेता येते. दुबई मरीना, डाउनटाउन, बिझनेस बे, पाम जुमेरा, जुमेरा व्हिलेज सर्कल ही त्यातली आपल्याकडे माहीत असलेली नावे. काही ठिकाणी पूर्ण मालकीऐवजी ९९ वर्षांचा भाडेपट्टा असतो, म्हणून मालकीहक्काच्या दाखल्यावर नेमके काय लिहिले आहे ते पाहावे.

आपल्याकडच्या मुद्रांक शुल्काच्या जागी तिथे दुबई लँड डिपार्टमेंटचे ४ टक्के हस्तांतर शुल्क असते. नियमात ते दोघांनी निम्मे-निम्मे भरायचे आहे, पण व्यवहारात सगळे खरेदीदारच भरतो. आपल्या उदाहरणात हे ४८ हजार दिरहम होतात. एजंटचे कमिशन २ टक्के आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, म्हणजे २५,२०० दिरहम. नोंदणी करून देणाऱ्या अधिकृत ट्रस्टी कार्यालयाची फी ५ लाख दिरहमांवरच्या घराला व्हॅटसह ४,२००. मालकीच्या दाखल्याचे ५८०. वीज-पाण्याच्या जोडणीसाठी ‘देवा’ या सरकारी कंपनीकडे २ हजार दिरहम अनामत. एवढ्याची बेरीज ८० हजार दिरहमांच्या आसपास जाते. बिल्डरचे ना हरकत प्रमाणपत्र सहसा विकणाऱ्याने आणायचे असते, तरी तसे करारात लिहून घ्यावे.

थोडक्यात, १२ लाखांचे घर १२ लाख ८० हजारांना पडते. पुण्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सात टक्के भरायची सवय असलेल्याला यात धक्का बसण्यासारखे काही नाही.

क्षेत्रफळाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. महारेराने आपल्याला कार्पेट एरियाची सवय लावली आहे. तिथे जाहिरातीतल्या आकड्यात बाल्कनी धरलेली असते आणि बऱ्याचदा भिंतीही. वर्षाचा मेंटेनन्सही याच आकड्यांवरून ठरतो.

व्यवहाराची चाल आपल्या साठेखतासारखीच असते. ‘फॉर्म एफ’ या ठरावीक नमुन्यावर दोघांच्या सह्या होतात, १० टक्क्यांचा चेक इसार म्हणून एजंटकडे किंवा ट्रस्टीकडे राहतो आणि महिना-दोन महिन्यांत उरलेले पैसे एकरकमी देऊन नाव चढते. इसाराचा चेक विकणाऱ्याच्या खिशात जाऊ देऊ नये. स्वतः जाता येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागते. ते इथे नोटरी करून, परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि अमिरातीच्या दूतावासाकडून साक्षांकित करून, तिथे अरबीत भाषांतर करवून घ्यावे लागते. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात आणि पैसेही बरेच. मुंबईहून विमानाने तीन-सव्वातीन तासांचा प्रवास आहे. शक्य असेल तर स्वतः जावे. तीन कोटींचे घर न पाहता घेऊ नये, हे तर वेगळे सांगायलाच नको.

पैसा भारतातून निघतो तेव्हा

भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत रेमिटन्स योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. दिरहमात ते ९ लाख १८ हजार होतात. आपले घर खर्चासह १२ लाख ८० हजारांचे आहे, म्हणजे एकट्याला एका वर्षात ते घेता येत नाही.

यावर दोन सरळ वाटा आहेत. पहिली, नवरा-बायको दोघांनी आपापल्या मर्यादेतून पैसे पाठवायचे. त्यासाठी दोघांची नावे मालकीत हवीत. नाव एकाचे आणि पैसे दोघांच्या मर्यादेतून, असे घरखरेदीला चालत नाही. दुसरी वाट म्हणजे व्यवहार मार्च आणि एप्रिलच्या सांध्यावर आणायचा, काही रक्कम ३१ मार्चपूर्वी आणि उरलेली १ एप्रिलनंतर. मित्राच्या खात्यातून, हवालाने किंवा क्रेडिट कार्डावर पैसे भरण्याच्या वाटा कोणी सुचवल्या तर तिथेच नमस्कार करून उठावे. घर घेणे हा परकी चलन कायद्याच्या भाषेत भांडवली व्यवहार आहे. तो बँकेतून, ए-टू फॉर्म भरून, खरे कारण लिहूनच व्हायला हवा. बुकिंगची रक्कम कार्डावर ‘स्वाइप’ करून घेण्याची घाई प्रदर्शनात फार असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता त्या १६ लाख ६० हजारांकडे येऊ. परदेशात घरासाठी पैसे पाठवले की बँक त्यावर टीसीएस म्हणजे मुळातच गोळा केलेला कर घेते. त्याचा दर २० टक्के आहे. वर्षाला माणशी पहिल्या १० लाख रुपयांना सूट आहे. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही सूट ७ लाखांची होती. भावाने ९० लाख पाठवले, ७ लाख वजा जाता ८३ लाखांवर २० टक्के झाले.

आपल्या उदाहरणात ३ कोटी २० लाख रुपये पाठवायचे आहेत. दोघांनी निम्मे-निम्मे म्हणजे १ कोटी ६० लाख पाठवले, तर प्रत्येकी दीड कोटीवर २० टक्के, म्हणजे ३० लाख. दोघांचे मिळून ६० लाख रुपये. म्हणून हे घर घेण्याच्या दिवशी खात्यात ३ कोटी २० लाख असून भागत नाही, ३ कोटी ८० लाख लागतात. माझ्या मते या व्यवहारात सर्वात कमी सांगितला जाणारा आकडा हाच.

हा पैसा बुडत नाही. तो तुमच्या नावावर जमा झालेला प्राप्तिकर आहे. तुमचा कर त्याहून कमी असेल तर उरलेला परत मिळतो. प्रश्न असतो तो कधी मिळतो याचा, आणि इथे महिना महत्त्वाचा ठरतो. मार्चमध्ये पैसे पाठवले तर त्या वर्षाचे विवरणपत्र चार महिन्यांत भरता येते. एप्रिलमध्ये पाठवले तर तेच विवरणपत्र पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर भरले जाते. परताव्यावर सरकार महिना अर्धा टक्का व्याज देते, पण ते वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून. त्याआधीचे सगळे महिने बिनव्याजी जातात. म्हणून शक्य असेल तेवढी मोठी रक्कम जानेवारी ते मार्चमध्ये पाठवावी. भावाचा विक्रेता त्या वेळी आठ दिवस आधी पैसे घ्यायला एका पायावर तयार होता.

वाट पाहण्याचा काळ आणखी कमी करता येतो. नोकरदाराने कापलेल्या टीसीएसचा दाखला कंपनीला दिला, तर ऑक्टोबर २०२४ पासून कंपनी त्या प्रमाणात पगारातली करकपात कमी करू शकते. व्यावसायिकाने आपला आगाऊ कर तेवढा कमी भरावा. गृहिणीच्या नावे पैसे गेले असतील आणि तिला उत्पन्न नसेल, तर तिचे विवरणपत्र भरल्याशिवाय तिचा परतावा येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा भरायचे असले तरी वेळेवर भरावे. नवऱ्याने दिलेल्या पैशातून बायकोने तिचा हिस्सा घेतला असेल, तर त्या हिश्श्याचे भाडे करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतर चलन बदलण्याचा खर्च. त्यावरचा जीएसटी किरकोळ आहे, १ कोटी ६० लाखांवर ३,६९० रुपये. पण बँक जो दर लावते त्यात तिचा नफा मिसळलेला असतो आणि तो कुठल्याही पावतीवर वेगळा दिसत नाही. १२ लाख ८० हजार दिरहमांवर दिरहमामागे २५ पैसे जास्त गेले, तर ३ लाख २० हजार रुपये गेले. एका सहीची ही किंमत आहे. एकाच दिवशी, एकाच तासात दोन-तीन बँकांकडून दर लेखी मागवा आणि शाखेला सांगा की आम्हाला फलकावरचा दर नको, ट्रेझरीकडून दर हवा. एवढ्या रकमेला बँका घासाघीस करतात. भाजीच्या जुडीला दोन रुपये कमी करून घेणारी आपली माणसे इथे मात्र संकोचतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आणखी एक मुदत सांभाळावी. पाठवलेला पैसा गुंतवला गेला नाही, व्यवहार फिसकटला, तर तो १८० दिवसांच्या आत भारतात परत आणावा लागतो. तिथल्या खात्यात ‘पुढे बघू’ म्हणून ठेवता येत नाही.

‘महिन्याला फक्त एक टक्का’

प्रदर्शनातली बहुतेक घरे अजून बांधून व्हायची असतात. तिथे त्यांना ऑफ-प्लॅन म्हणतात आणि ती सोप्या हप्त्यांवर विकली जातात. एजंटचे कमिशन बिल्डर देतो, कधीकधी ४ टक्के शुल्कही ‘माफ’ असते. ते शुल्क सरकार माफ करत नसते, ते बिल्डर भरतो. म्हणून शेजारच्या तयार इमारतीतला दर पाहून ते किमतीत चढवले आहे का हे ताडून घ्यावे.

खरेदीदाराच्या संरक्षणाची व्यवस्था तिथे चांगली आहे. २००७ च्या कायद्यानुसार ग्राहकांचे पैसे त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यातच जमा व्हावे लागतात. ‘दुबई रेस्ट’ या सरकारी ॲपवर प्रकल्पाची नोंद आणि काम किती टक्के झाले ते दिसते. पैसे एस्क्रो खात्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही खात्यात, मग ते बिल्डरच्याच दुसऱ्या कंपनीचे का असेना, भरू नयेत.

माझी काळजी वेगळी आहे. तुम्ही चार वर्षांच्या हप्त्यांचे वचन देता, पण तुमचा पैसा बाहेर जाण्याची परवानगी वर्षावर्षाची असते. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेने ही वार्षिक मर्यादा २ लाख डॉलरवरून ७५ हजारांवर आणली आणि या योजनेतून परदेशात घर घेण्यालाच बंदी केली. ती पुढच्या वर्षी उठली. मधल्या काळात कुणाचा हप्ता आला असेल तर त्याने काय करायचे? दुबईचा कायदा हप्ता चुकवणाऱ्याला फार सवलत देत नाही. काम सुरू होऊन ६० टक्क्यांहून कमी झाले असेल तर बिल्डर घराच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत, आणि त्याहून जास्त झाले असेल तर ४० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो. भरलेल्या पैशाच्या नव्हे, किमतीच्या.

ताबा मिळाल्यावरही तीन-चार वर्षे हप्ते चालू राहतील अशी योजना तर भारतात राहणाऱ्याने टाळावीच. ती परदेशातून घेतलेली उधारी आहे असा आक्षेप परकी चलन कायद्याखाली येऊ शकतो. तिथल्या बँकेचे गृहकर्जही या माणसासाठी नाही, आणि इथल्या बँकाही या योजनेखालच्या भांडवली व्यवहारासाठी कर्ज देऊ शकत नाहीत. भारतात राहून दुबईत घर म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेले घर, असेच समजावे.

दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाचे गणित वेगळे आणि बरेच सोपे आहे. तो अनिवासी असतो, पगार दिरहमात असतो, मर्यादा नाही, टीसीएस नाही. ५० लाख दिरहमांपर्यंतच्या पहिल्या घराला त्याला ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते. गहाण नोंदणीचे कर्जाच्या रकमेवर पाव टक्का आणि २९० दिरहम वेगळे. फेब्रुवारी २०२५ पासून सरकारी शुल्क आणि कमिशन कर्जात धरू नये अशा सूचना बँकांना आहेत, म्हणून २० टक्के अधिक वरचे सात-आठ टक्के रोख तयार हवेत. उद्या तो कायमचा सांगली-साताऱ्याला परतला तरी अनिवासी असताना घेतलेले घर त्याला कायद्याने ठेवता येते.

भाड्याचे सात टक्के

‘सात टक्के भाडे, तेही करमुक्त’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा हिशेब मांडायलाच हवा.

आपला फ्लॅट वर्षाला ८० हजार दिरहमांना भाड्याने गेला असे धरू. १२ लाखांवर हे पावणेसात टक्के होतात. वर्षाचा सर्व्हिस चार्ज इमारतीनुसार बदलतो. चौरस फुटाला १६ दिरहम धरले तर १२ हजार. लांबून घर सांभाळायला माणूस लागतो, त्याचे निदान ५ टक्के, म्हणजे ४ हजार. दुरुस्ती आणि विमा ३ हजार. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामे राहिले तर ६,७००. हातात उरले ५४,३००.

आता कर. अमिरातीत व्यक्तीच्या भाड्यावर प्राप्तिकर नाही. पण तुम्ही भारताचे निवासी आहात आणि निवासी माणसाच्या जगभरच्या उत्पन्नावर भारत कर लावतो. मिळालेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. सर्व्हिस चार्ज त्यातच आला, तो वेगळा वजा होत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला सेससह साधारण १६ हजार दिरहम कर बसतो. उरले ३८,३००. गुंतवलेल्या १२ लाख ८० हजारांवर हा परतावा ३ टक्के होतो.

सात नव्हे, तीन. २०१५ मध्ये साधारण साडेसतरा रुपयांना मिळणारा दिरहम त्यानंतर बराच चढला, त्यामुळे रुपयांत मोजणाऱ्याला त्याचा फायदा झाला हेही खरे. पण तो फायदा डॉलरचा आहे. २००८ च्या मंदीत दुबईतल्या घरांच्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या होत्या आणि २०१४ नंतर सहा वर्षे त्या हळूहळू घसरत होत्या. घरातल्या कोणाच्या आठवणीत हे असेल तर त्यांना विचारा.

घर बंद ठेवायचे म्हटले तरी खर्च थांबत नाही. सर्व्हिस चार्ज चालूच राहतो. पुष्कळ इमारतींत मध्यवर्ती शीतकरण असते आणि त्याचा ठरावीक आकार एसी लावला नाही तरी येतो. तो घरमालकाने भरायचा की भाडेकरूने, आणि किती, हे घेण्याआधी मागच्या वर्षाची बिले मागून पाहावे. उन्हाळ्यात एसी पूर्ण बंद ठेवलेल्या घरात बुरशी धरते, हे कोकणातल्या बंद घराच्या मालकाला समजावून सांगावे लागणार नाही.

विवरणपत्रात काय लिहायचे

परदेशातले घर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दरवर्षी दाखवावे लागते. भाडे येत नसले तरी, आणि त्यावर एक रुपया कर बसत नसला तरी. साधा आयटीआर-वन फॉर्म त्या दिवसापासून बाद होतो. ही नोंद आर्थिक नव्हे, कॅलेंडर वर्षाची असते, ३१ डिसेंबरपर्यंतची. ती राहून गेली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या किरकोळ मालमत्तेला यातून सूट मिळाली, पण स्थावर मालमत्तेला नाही. पांढऱ्या पैशाने, बँकेतून, सगळा कर भरून घर घेतलेला माणूस केवळ एका न भरलेल्या तक्त्यासाठी या कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. म्हणून सीएला हे स्वतःहून सांगा. त्याने विचारण्याची वाट पाहू नका. बँकेचा ए-टू फॉर्म, पैसे पाठवल्याची पावती, फॉर्म एफ आणि मालकीचा दाखला एका फाइलमध्ये कायम ठेवा.

२० लाख दिरहमांच्या घरावर दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो म्हणून बजेट ओढूनताणून वाढवणारेही भेटतात. व्हिसा हातात आला म्हणून कोणी अनिवासी होत नाही. करासाठी तुम्ही भारतात किती दिवस राहिलात ते मोजले जाते.

वारशाचाही खर्च असतो. नावे दोघांची असली तरी एकाच्या पश्चात त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तिथल्या न्यायालयातून जावे लागते. बिगरमुस्लिमांना दुबईतल्या डीआयएफसी या न्यायकक्षेत २०१५ पासून इंग्रजी मृत्युपत्र नोंदवता येते. त्याची फी काही हजार दिरहम आहे. घराच्या नोंदणीसाठी दुबईला जाल त्याच फेरीत हे काम उरकावे.

आणि विकताना? २ टक्के कमिशन, बिल्डरचे ना हरकत प्रमाणपत्र ५०० ते ५ हजार दिरहमांपर्यंत. दुबईत नफ्यावर कर नाही, भारतात आहे. दोन वर्षांनंतर विकले तर १२.५ टक्के, त्याआधी विकले तर तुमच्या नेहमीच्या टप्प्याने. हा कर वाचवायला ते पैसे दुसऱ्या घरात गुंतवायचे असतील, तर ते घर भारतातच असावे लागते. दुबईतला फ्लॅट विकून दुबईतच मोठा फ्लॅट घेतला, तर ही सवलत मिळत नाही.